रंगाखालचं नाव

धक्क्यावर त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे त्याला ठसठशीत म्हणत. 'अक्षर कसं, ठसठशीत पाहिजे,' असं तो उठता-बसता म्हणायचा, आणि लोकांना एखाद्याची खोड सापडली की ते ती त्याच्या अंगाला चिकटवूनच सोडतात. लहान पोरं 'ठसठशीतकाका' म्हणत, मोठी माणसं 'काय हो ठसठशीत'. त्याचं काम होड्यांवर नावं रंगवायचं. त्याच्या हातचं नाव नसलेली होडी अख्ख्या बंदरात शोधावी लागली असती, आणि सापडलीच तर तिच्याकडे बघून तो तोंड वाकडं करायचा. "हे अक्षर आहे की भिंतीवरून पडलेली पाल?"

आता नाव रंगवणं ही हाताची गोष्ट झाली. नाव ठेवणं अवघड. होडी विकत घेतली, नवी बांधली, की माणूस आधी ठसठशीतच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन उकिडवा बसायचा आणि विचारायचा, "हे नाव चालेल का हो?" मग ठसठशीत ब्रश डब्यात ठेवून सांगायचा. फुशारकीचं नाव नको. 'मला कोण बुडवतो' अशा थाटाचं नाव दिलंत की पाणी म्हणतं, असं का, ये बघू जरा. बुडालेल्या होडीचं नाव तर चुकूनही दुसरीला द्यायचं नाही. नाव रंगवून झालं की वर फडकं टाकायचं, आणि होडीच्या टोकावर मुहूर्ताची बाटली फुटेपर्यंत ते कुणी मोठ्याने उच्चारायचं नाही. एक अक्षर अर्धवट टाकून घरी जेवायला गेलात, तर त्या होडीत अर्ध्याच जिवाची माणसं परत येतात, असंही तो म्हणे. हे शेवटचं त्याने स्वतःच रचलं असावं, कारण काम अर्धवट टाकलेलं त्याला खपत नसे.

पण एका गोष्टीबद्दल धक्क्यावर कुणी चेष्टा करत नसे. होडीचं नाव बदलायचं असेल तर आधी जुनं नाव पार काढायचं. वरून रंग फासला की झालं, असं नाही. खरवडायचं, खालचं लाकूड दिसेपर्यंत. होडीच्या दोन्ही बाजूंवरून, मागच्या फळीवरून, वल्ह्यांवरून, बादल्यांवरून, बुडत्या माणसाला टाकायच्या कड्यावरूनसुद्धा. रंगाखालचं नाव माणसाला दिसत नाही, पण पाण्याला दिसतं, असं जुनी माणसं सांगत. आणि दोन नावांची होडी पाण्याला आवडत नाही. ठसठशीतला कुणी विचारलं असतं, तुमचा यावर विश्वास आहे का, तर तो म्हणाला असता, विश्वास गिऱ्हाइकाचा, आपला नुसता ब्रश. पण तो खोटं बोलला असता. त्याचा होता.

लग्नाचं त्याचं राहूनच गेलं होतं. घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. ताई आधी तिच्या घरी होती. तिच्या नवऱ्याची, दाजींची, स्वतःची होडी होती आणि दाजींनी तिला ताईचंच नाव दिलं होतं. ते नाव ठसठशीतनेच रंगवलं, पांढऱ्यावर निळं, आणि त्या वेळी त्याने पैसे घेतले नाहीत म्हणून दाजी त्याच्यावर आठवडाभर रुसले होते. मग एका धुक्याच्या सकाळी जाळं ओढताना दाजी तोल जाऊन पाण्यात पडले. बरोबरच्या माणसांनी दुपारपर्यंत शोधलं. होडी परत आली, तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. दाजी आले नाहीत.

होडी बुडाली असती तर लोक हळहळले असते. होडी धडधाकट परत आली, तिथेच बिघडलं. नळावर, दुकानात, धक्क्याच्या पायऱ्यांवर बायका बोलायला लागल्या, बाप्येही बोलायला लागले. हिचं नाव होडीला, होडी तरली आणि नवरा गेला, म्हणजे काय ते समजा. पांढऱ्या पायाची आहे. उचलली जीभ, लावली टाळ्याला! ताईच्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण ती आली की नळावरच्या गप्पा बंद पडायच्या, ते बोलण्यापेक्षा वाईट. आणि ठसठशीत? तो मूग गिळून गप्प बसला. बोलणारी माणसं त्याची गिऱ्हाइकं होती. त्याने ताईला आपल्या घरी आणलं आणि मनाला समजावलं की आपण आपलं कर्तव्य केलं.

पुढे ताईने होडी विकली. घेणारा तरुण होता, नुकतंच लग्न झालेला, त्याला सगळे होडीवाला म्हणत. त्याला होडीला बायकोचं नाव द्यायचं होतं. नाव द्यायचं काम अर्थातच ठसठशीतकडे आलं.

"ऐक," ताई त्या सकाळी त्याला म्हणाली, "माझं नाव नीट काढ. मला त्या पाण्यावर कुठेही ठेवू नकोस. एवढं कर माझ्यासाठी."

"काढतो गं. माझं कामच आहे ते."

त्याने काढलंही. खरवडणी घेऊन बसला आणि निळं अक्षर पापुद्र्यापापुद्र्याने खाली पाडलं. वल्ही घासली, बादल्या घासल्या. ताईचं नाव स्वतःच्या हाताने काढताना त्याला कसंसंच होत होतं, पण हात चालू होता. शेवटी केबिन बघायला तो आत वाकून शिरला. केबिन कसली, खुराडं ते. एक माणूस पाय दुमडून झोपेल एवढी फळी आणि वर बुटकी तुळई. फळीवर पाठ टेकून त्याने वर बघितलं, तर तुळईवर ताईचं नाव.

रंगवलेलं नव्हतं, सुरीने कोरलेलं होतं. दाजींचा हात होता तो, दुसऱ्या कुणाचा असणार? आडव्या पडलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर बरोबर येईल अशा जागी. ठसठशीतने खरवडणी उचलली आणि ती वरच्यावर राहिली. दाजी इथे पडून रोज हे बघत असतील, एवढंच त्याच्या डोक्यात आलं आणि त्याचा हात चालेना. बाहेरून होडीवाल्याने हाक मारली, "झालं का काका?" ठसठशीतने निळ्या रंगाचा डबा ओढला, तुळईवर दोन हात दाबून मारले आणि म्हणाला, "झालं."

घरी आल्यावर ताईने विचारलं, "सगळं काढलंस?"

"सगळं."

तुळईचं तिला सांगायचं नाही, असं त्याने वाटेतच ठरवलं होतं. कशाला जखमेवरची खपली काढा? आपण हे तिच्यासाठी करतोय, असंही त्याला वाटलं. माणसाला स्वतःची सोय दुसऱ्याची माया वाटायला किती वेळ लागतो!

नाव ठेवायच्या दिवशी होडीवाल्याची बायको पहिल्यांदाच धक्क्यावर आली. ती लांबच्या, पाणी नसलेल्या गावची होती. होडीचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं, हे तिने तिथल्या तिथे नवऱ्याला विचारलं आणि सगळे हसले, तीही हसली. फडकं निघालं. आपलं नाव एवढं मोठं बघून तिने त्याला हात लावला आणि अंगठ्याला रंग लागला. "काका, माझ्या नावाने मलाच रंगवलं!" ती म्हणाली. पोरगी गोड होती, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. मग तिने बाटली फेकली. बाटली होडीवर आपटली आणि न फुटता टण्णकन पाण्यात पडली.

"पुन्हा फेक गं, लागलं नाही नीट," कुणीतरी म्हणालं. दुसरी फुटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ठसठशीत मात्र पहिली बाटली पडली त्या पाण्याकडेच बघत होता.

पुढच्या महिन्यात इंजिन बंद पडलं. ते दुरुस्त होतं न होतं तोच जाळं खडकाला अडकून मधोमध फाटलं. होडीवाला हसून म्हणायचा, जुनी होडी आहे, चालायचंच. मग त्याच्या धाकट्या भावाचा हात दोराच्या चाकात सापडला आणि मनगट मोडलं. त्या दिवसापासून घरात कुणी हसलं नाही. होडीवाल्याची आई आधी कुजबुजायला लागली, मग नळावर मोकळ्या गळ्याने बोलायला लागली. होडी घेतली, नाव हिचं दिलं. ही आल्यापासून घरात बरं काही झालंय का सांगा. पायगुण म्हणतात तो काही उगीच नाही.

खाई त्याला खवखवे, म्हणतात ना. ठसठशीतला आता धक्क्यावर चालताना कुणी "काय हो" म्हटलं तरी दचकायला होई. त्याला वाटायचं, ही माणसं आपल्या पाठीमागे तुळईबद्दलच बोलताहेत. खरं तर कुणाला काहीच माहीत नव्हतं, सगळे बोलत होते त्या पोरीबद्दल. तो स्वतःला समजावायचा, इंजिन म्हातारं होतं, दोराचं चाक तर कुणाचाही हात खाईल, यात नावाचा काय संबंध? पण मग त्याला नळावर ती दिसायची. भांडं भरून व्हायच्या आधीच उचलायची आणि मान खाली घालून निघायची. तिच्यामागे गप्पा बंद व्हायच्या, अगदी ताईच्या वेळी व्हायच्या तशाच.

एकदा त्याने धीर केला. एका अक्षराचा रंग उडाला आहे, असं खोटंच सांगून तो होडीवर गेला. खिशात खरवडणी होती. आत शिरला, फळीवर पडला, निळ्या तुळईवर बोट फिरवलं. रंगाखाली खाचा लागत होत्या. आता काढून टाकावं, कुणाला कळणारही नाही, आणि सुटका. पण दाजींची आठवण झाली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर येऊन त्याने उडालेला नसलेला रंग पुन्हा लावला आणि घरी गेला. चांगलाच भित्रा माणूस, दुसरं काय म्हणायचं!

मग एक दिवस होडीवाला आणि त्याची आई शेडच्या दाराशी येऊन उभे राहिले. होडीवाला जमिनीकडे बघत होता. बोलली आईच.

"अहो ठसठशीत, होडीवरचं नाव काढायचंय. सगळीकडून, पद्धतीप्रमाणे. दुसरं नंतर ठरवू."

"का हो वहिनी? चांगलं रंगवलंय."

"रंगाबद्दल कोण बोलतंय? जिचं नाव आहे तिच्याबद्दल बोलतेय मी. नाव निघालं की तिला माहेरी पाठवणार आहोत. काही दिवस राहू दे तिकडे."

"किती दिवस?"

"ते आपण ठरवणारे कोण? दिवस पालटले की बघू." दिवस पालटले की बघू म्हणजे काय, हे तिघांनाही कळत होतं. होडीवाल्याने वर बघितलं, आईकडे नजर गेली आणि त्याने पुन्हा मान खाली घातली.

ठसठशीत खरवडणी घेऊन त्यांच्यामागून निघाला. धक्क्यावर माणसं जमलीच होती. अशा गोष्टींना निमंत्रण लागत नाही. ती पोरगीही होती, हातात पिशवी, निघायच्या तयारीनेच आणलेली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. ठसठशीतने होडीच्या कडेला गुडघा टेकवला आणि पहिल्या अक्षरावर खरवडणी ठेवली. एक पापुद्रा सुटून पाण्यात पडला.

"हिचं नको," तो म्हणाला. आपण हे मोठ्याने बोललो, हे त्याला लोक गप्प झाले तेव्हा कळलं. "वहिनी, हिची काही चूक नाही. माझी आहे. जुनं नाव मी सगळं काढलं नव्हतं. आत राहिलंय."

"काय?" होडीवाला ओरडला. "काका, तुम्ही मला 'झालं' म्हणालात!"

"खोटं बोललो."

मग काय, गलका झाला. ठसठशीतला त्यांनी केबिनमध्ये जवळजवळ ढकललंच, आणि दारात तीन-चार डोकी एकावर एक. तो पाठीवर पडला आणि खरवडायला लागला. तुळईवरचा निळा थर निघाला, पण खाचांमध्ये भरलेला रंग तसाच राहिला, त्यामुळे पांढऱ्या लाकडावर ताईचं नाव निळं, स्पष्ट उठून आलं. इतकं स्पष्ट ते कधी रंगवलं असतं तरी दिसलं नसतं. होडीवाल्याच्या आईने ते वाचलं, मोठ्याने.

"बघा!" ती म्हणाली. "मी म्हणतेय काय! त्या पांढऱ्या पायाच्या बाईचं नाव आत लपून बसलं होतं. स्वतःचा नवरा खाल्ला, आता माझ्या पोरावर टपली होती! काढा ते आधी, काढा!"

ठसठशीत पडल्या पडल्या थिजला. त्या पोरीला सोडवताना आपण कुणाला पकडून दिलं, हे त्याच्या आता लक्षात आलं. आधी लक्षात आलं नव्हतं का? आलं असावं, कुठेतरी मागे. "वहिनी, तिचा काय दोष, मी..." तो म्हणायला लागला, पण ऐकतं कोण? बातमी दारातून मागे, मागून पायऱ्यांवर गेलीसुद्धा. कुणीतरी त्याच्या हातात पटाशी दिली, कारण खाचा खरवडणीने निघणाऱ्या नव्हत्या. त्याने पटाशी लावली. लाकडाचे तुकडे त्याच्या तोंडावर, डोळ्यांत पडत होते. लवकर संपावं म्हणून त्याने डोळे मिटून घेतले आणि हाताच्या अंदाजाने तुळई तासत राहिला.

तो बाहेर आला तेव्हा त्या पोरीने पिशवी खाली ठेवली होती. सासूने तिच्या पाठीवर हात ठेवला होता, जणू मधले दिवस झालेच नव्हते. पोरगी ठसठशीतजवळ आली. "काका, तुम्ही मला वाचवलंत," ती म्हणाली. "तुमचे उपकार मी विसरणार नाही." तिच्या सुजलेल्या तोंडावर सुटकेचं हसू होतं आणि त्यात लबाडी अजिबात नव्हती. ती ताईला ओळखतसुद्धा नव्हती. ठसठशीतला तिने थोबाडीत मारली असती तर बरं, असं वाटलं.

घरी पोहोचायच्या आधीच बातमी घरी पोहोचली होती. ताई मागच्या दाराशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने वर न बघता विचारलं, "पांढऱ्या पायाची म्हणाली ना?"

"ताई, त्या पोरीला घालवून देत होते. मला दुसरं काही सुचलं नाही."

"बरं केलंस. तिचं वाचलं, तिचं अजून सगळं व्हायचंय. मला काय, मला सवय आहे." तिने एका सदऱ्याची बाही सरळ केली. "माझ्या वेळी कुणी बोललं असतं तर तेही बरं झालं असतं. असो."

त्या 'असो'ने ठसठशीत अर्धा झाला. चार शिव्या दे, असं त्याला म्हणायचं होतं. तो पायरीवर बसला.

"पण एक सांग," ताई म्हणाली. "केबिनमध्ये म्हणे होतं नाव. मी तर त्या होडीवर कधी पाय ठेवला नाही, मला चक्कर यायची. आतमध्ये तू कधी रंगवलं होतंस?"

"मी नव्हतं रंगवलं." त्याला बोलावंच लागलं. "दाजींनी कोरलं होतं. सुरीने. झोपायच्या फळीच्या बरोब्बर वर."

ताईच्या हातातला सदरा तसाच राहिला.

"त्यांनी?"

"हो."

"मला कधी म्हणाले नाहीत." तिने सदरा घड्यांवर ठेवला. "माझं नाव बाधलं त्यांना, असं अख्खं गाव म्हणत होतं. मलाही रात्री रात्री वाटायचं, असेलही. आणि ते त्या नावाखाली झोपत होते. हे तुला ठाऊक होतं, आणि तू घरात माझ्यासमोर बसून जेवत होतास."

"तुला त्रास होईल, असं वाटलं गं."

"आता आहे का तिथे काही?"

"नाही. पटाशीने काढलं."

"थोडंसुद्धा?"

"लाकूड दिसेपर्यंत काढलं, ताई."

ताईने मान हलवली. मग ती त्याच्याजवळ पायरीवर येऊन बसली आणि आपला तळहात उघडून तिने त्याच्यापुढे धरला. "कसं होतं, काढून दाखव. बोटाने काढ. मला कळेल."

ठसठशीतने तिचा हात धरला आणि बोट टेकवलं. पहिलं अक्षर काढलं, त्याला मात्रा दिली, पुढचं सुरू केलं. बोट सवयीने सरळ, गोल, वळणदार फिरत होतं. दाजींचं वळण कसं होतं, ते तो आठवायला लागला, आणि त्याला काहीच आठवेना. तुळई तासताना त्याने डोळे मिटले होते.

ताईने हात मागे घेतला.

"हे तुझं अक्षर आहे," ती म्हणाली. "त्यांचं नाही."

ती उठली, घड्या घातलेले कपडे उचलले आणि आत गेली. ठसठशीत पायरीवर बसून राहिला. आतून तिने त्याला जेवायला हाक मारली, नेहमीसारखीच, आणि त्याला उठायची हिंमत झाली नाही.